घरबैठकीतून वस्तीची संघटना कशी वाढवावी

पुण्यात आंबिल ओढ्याच्या काठी आमची वस्ती आहे आणि वस्तीत आम्हा बायकांची संघटना आहे. आज तिच्यात सहा गल्ल्या आहेत आणि दर गल्लीत स्वतःच्या जबाबदारीवर बैठक बोलावू शकतील अशा निदान तीन बायका आहेत. सभासद किती, असं सगळे विचारतात. मी त्यांना आधी हा तीनचा आकडा सांगते. बिबवेवाडी, वारजे, येरवडा इथल्या बायका येतात, चहा होतो आणि मग विचारतात, "ताई, तुम्ही एवढी वाढवलीत कशी?" तोंडी सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून हे बसून लिहून काढलं.

मी सव्वीस वर्षं सहकारनगरच्या सोसायट्यांमध्ये पोळ्या केल्या. वडील १९७२ च्या दुष्काळात भूमकडून पुण्याला आले, बिगारी कामाला लागले आणि इथलेच झाले. आमच्याकडची निम्मी घरं अशीच आली, कुणी लातूरहून, कुणी सोलापूरहून. पुढे कलबुर्गीकडची कन्नड बोलणारी माणसं आली. आता पोटमाळ्यावर भाड्याने राहणारी बिहारची मुलं आहेत. हे सांगायचं कारण असं की "आपली वस्ती एक आहे" हे भाषणात म्हणायला सोपं, पण नळावर उभं राहिलं की कळतं, किती वस्त्या एका वस्तीत राहतात.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढ्याला पूर आला. आमच्या घरात छातीभर पाणी होतं. मुलांना शेजारच्या स्लॅबवर चढवून आम्ही रात्र काढली. त्या रात्री पुण्यात माणसं गेली, भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या. महिनाभरात मी गणेश मंडळाकडून मांडव आणि स्पीकर मागून घेतला आणि सभा लावली. नव्वद माणसं आली. मी चाळीस मिनिटं बोलले, टाळ्या पडल्या, सगळे म्हणाले, आता संघटना झालीच. पुढच्या महिन्याच्या बैठकीला सहा जणी आल्या. त्यातल्या दोघी माझ्या जावा.

दुसरी चूक त्याहून मोठी. २०२० च्या टाळेबंदीत एका दात्याने रेशनची पाकिटं दिली. यादी मी एकटीने केली, एका रात्रीत, ओळखीच्या घरांवरून. मागच्या गल्लीतली भाडेकरूंची घरं राहून गेली. त्या गल्लीने वर्षभर आमच्याशी बोलणं टाकलं आणि त्यांचं बरोबर होतं. मी लबाडी केली नव्हती. पण जिथे एकच बाई ठरवते तिथे तिला न दिसणारी घरं उपाशी राहतात, हे मला तेव्हा समजलं.

त्याच सुमारास समाजकार्य शिकणारी एक मुलगी आमच्याकडे क्षेत्रकार्याला यायची. मी तिला सगळं सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी मोबाईलवर काही वाचून आली आणि म्हणाली, "मावशी, तुमच्यासारखंच पाणी अमेरिकेतल्या एका गावात शिरायचं. ऐकता?"

ते गाव सॅन अँटोनियो, टेक्सास राज्यातलं. शहराच्या पश्चिम भागात मेक्सिकन वंशाच्या लोकांची वस्ती. त्यातली काही घराणी टेक्सास अमेरिकेत जाण्याच्या आधीपासून तिथे राहणारी, बाकीची पोटासाठी मागाहून आलेली. जोराचा पाऊस झाला की रस्त्यांचे ओढे व्हायचे, पाणी घरात यायचं, मुलं चिखलातून शाळेत जायची, काही मुलं पुरात गेलीही. शहराच्या दुसऱ्या बाजूला गटारं होती, इकडे नव्हती. १९७४ मध्ये तिथे एक संघटना उभी राहिली. तिचं नाव कम्युनिटीज ऑर्गनाइज्ड फॉर पब्लिक सर्व्हिस, लोक तिला नुसतं कॉप्स म्हणतात. ती बांधायला आलेला कार्यकर्ता अर्नेस्टो कोर्तेस हा त्याच गावचा. शिकागोच्या इंडस्ट्रियल एरियाज फाउंडेशनमध्ये तो हे काम शिकला होता. परत आल्यावर त्याने सभा घेतली नाही. तो माणसांना एकेकटा भेटत राहिला, शेकडो माणसांना. पुढाऱ्यांकडे जाण्याऐवजी तो चर्चच्या जत्रेचा हिशेब ठेवणाऱ्यांकडे आणि शाळेच्या पालकसभेत धावपळ करणाऱ्यांकडे गेला. तुम्हाला काय सलतं, एवढंच विचारायचा. उत्तर बहुतेक ठिकाणी तेच निघालं: पावसाचं पाणी.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा हे लोक तयार होते. ते शेकड्यांनी नगर परिषदेच्या बैठकीला गेले, पण ओरडायला नाही. त्यांनी जुनी कागदपत्रं काढून नेली होती. ज्या नाल्यासाठी ते भांडत होते तो शहराच्या आराखड्यात १९४५ पासून मंजूर होता आणि एकोणतीस वर्षांत बांधलाच नव्हता. नोव्हेंबरमध्ये साडेचार कोटी डॉलरहून जास्त रकमेचे रोखे, म्हणजे शहराने घ्यायचं कर्ज, मतदानाने मंजूर झाले आणि गटारांची कामं लागली. संघटनेचे पहिले अध्यक्ष अँड्रेस साराबिया हे हवाई दलाच्या तळावर नोकरी करणारे गृहस्थ, त्यांच्यानंतर बिएट्रिस गायेगो या बाई, आणि पुढे अध्यक्षपदी अनेक वर्षं बायकाच होत्या.

ती मुलगी बोलायची थांबली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. एकोणतीस वर्षं कागद कपाटात पडून होता! मी तिला म्हटलं, पहिल्यापासून परत सांग, आणि या वेळी मला लिहू दे. पुढचं सगळं त्या वहीतून आणि मग स्वतः करून पाहून आलेलं आहे.

घरबैठक कशी लावायची

घरबैठकीची पद्धत कॉप्सच्याही आधीची आहे. १९४७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये फ्रेड रॉस नावाच्या कार्यकर्त्याने मेक्सिकन वस्त्यांमध्ये कम्युनिटी सर्व्हिस ऑर्गनायझेशन बांधली ती घरबैठकांवरच. त्या वर्षी एडवर्ड रॉयबल हे तिथल्या नगर परिषदेची निवडणूक हरले होते. घराघरांत बैठका झाल्या, हजारो लोकांची नावं मतदार यादीत चढली आणि १९४९ मध्ये तेच रॉयबल निवडून आले. त्या शहराच्या परिषदेत १८८१ नंतर बसलेले ते पहिले मेक्सिकन वंशाचे सदस्य.

आमच्याकडे ती अशी चालते. एक बाई घर देते. बोलावणं तीच करते, मी नाही. ती स्वतःच्या ओळखीच्या आठ-दहा जणींना सांगते. नणंद असेल, भिशीतली असेल, एकाच सोसायटीत भांड्यांना जाणारी असेल. दहाच्या वर नको, कारण अकरावी बाई कोपऱ्यात बसते आणि बोलत नाही. चिठ्ठी वाटायची नाही, व्हॉट्सॲपवर टाकायचं नाही, दारात जाऊन सांगायचं. ज्या बाईला दारात जाऊन बोलावलं ती आली नाही तर पुढच्या भेटीत स्वतःच कारण सांगते. ग्रुपवर बोलावलेली काही सांगत नाही.

वेळ ठरवताना आपली सोय बघू नये. धुणी-भांडी, पोळ्या करणाऱ्या बायका सकाळची कामं आटपून एक-दीडला घरी येतात आणि चारला पुन्हा निघतात. मधे स्वयंपाक, पाणी, पोरांचं खाणं. म्हणून अडीच ते साडेतीन ही वेळ, नाहीतर मग रात्री साडेआठ. एका तासाच्या वर एक मिनिट नाही. बाईचा कामावर खाडा झाला तर पगार कापला जातो, आणि ती पुन्हा बैठकीला येत नाही.

चहा यजमानीण करते, सोबत खारी किंवा बिस्किटं, त्याहून जास्त काही नको. एकीने पोहे केले की दुसरीला वाटतं आपणही करायला हवेत, आणि जिच्याकडे तेवढे पैसे नाहीत ती घर द्यायचं टाळते. आमच्या तिसऱ्या गल्लीत हे झालं, तेव्हापासून नियमच केला.

बसल्यावर सुरुवात नावापासून. नुसतं नाव नाही, गाव कुठलं, पुण्याला कधी आलात आणि कशामुळे आलात. पंधरा वर्षं शेजारी राहणाऱ्या दोघींना त्या दिवशी कळलं की दोघींची माहेरं एकाच तालुक्यातली. मग एकच प्रश्न: वस्तीत राहताना तुम्हाला कशाचा सगळ्यात जास्त त्रास होतो? तुम्ही उपाय सांगायचा नाही. हे फार जड जातं. माझ्या जिभेवर अर्ज कुणाला करायचा ते आलेलं असतं, पण मी गिळते, कारण मी उत्तर दिलं की बैठक माझी होते. ऐकायचं, आणि कोण कशाबद्दल तिडकीने बोलली ते घरी जाऊन वहीत लिहायचं. समोर वही काढली की बायका सरकारी माणूस आल्यासारख्या गप्प होतात.

शेवटची दहा मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. तेव्हा विचारायचं, "पुढची बैठक कोणाच्या घरी?" आणि मग गप्प बसायचं. ती शांतता लांबते, अवघड होते, तरी आपण "बरं, माझ्याकडेच घेऊ" म्हणायचं नाही. कुणीतरी बोलतेच. तिने तारीख सांगितल्याशिवाय कुणी उठायचं नाही. एका घरातून दोन घरं निघाली की संघटना वाढते. आमच्या पहिल्या सोळा महिन्यांत अशा त्रेपन्न बैठका झाल्या, आणि त्यातल्या शेवटच्या वीसेक बैठकांना मी गेलेच नव्हते.

पुढारी आधीच तिथे असते

नळावरचं भांडण कोण मिटवतं ते बघा. रात्री बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या तर कोणाचं दार वाजवतात ते बघा. भिशीचे पैसे कोणाकडे बिनधास्त ठेवतात ते बघा. या तिन्ही ठिकाणी एकच नाव आलं तर ती तुमची माणूस, मग तिला सही येत नसली तरी चालेल. उलट जी पहिल्याच भेटीत "मी सगळं बघते" म्हणते, तिला काम द्यावं, पद देऊ नये. निदान वर्षभर तरी.

कन्नड बोलणाऱ्यांच्या गल्लीत आम्ही दोन वर्षं शिरू शकलो नाही. मी जायचे, मराठीत बोलायचे, त्या हसून मान डोलवायच्या. मग तिथल्याच एका मावशींच्या सुनेला आम्ही म्हटलं, बैठक तुम्ही घ्या आणि तुमच्या भाषेत घ्या, आम्ही येणार नाही. पहिल्याच बैठकीत चौदा बायका आल्या. तिथून आलेला प्रश्न आमच्या यादीत कधीच नव्हता: शाळेतल्या मुलांचे जातीचे दाखले निघत नाहीत, कारण जुने पुरावे गावाकडे, दुसऱ्या राज्यात आहेत. दोन वर्षं आम्ही त्यांना त्यांच्या नसलेल्या प्रश्नांसाठी बोलावत होतो. भाडेकरूंचंही तसंच. फोटोपास, म्हणजे झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र, मालकाच्या नावावर असतो, म्हणून भाडेकरू स्वतःला वस्तीतले धरत नाहीत. सभासदत्वासाठी फोटोपास मागू नका. जो इथल्या नळाचं पाणी पितो तो वस्तीतला.

पहिलं काम लहान घ्या

ओढ्याची संरक्षक भिंत हा आमचा मोठा प्रश्न होता आणि आहे. तरी पहिलं काम म्हणून आम्ही घेतला बायकांच्या सार्वजनिक शौचालयाबाहेरचा दिवा. आठ महिने बंद होता. पोरी अंधार पडायच्या आत जाऊन यायच्या, मग रात्री पाणी प्यायच्या नाहीत. हे एका घरबैठकीत निघालं आणि खोलीतली प्रत्येक बाई बोलली.

पहिल्या कामाला तीन कसोट्या लावाव्यात: ते सगळ्यांना रोज दिसतं का, तीन महिन्यांत होऊ शकतं का, आणि ते कोणाच्या सहीने होतं हे आपल्याला ठाऊक आहे का? तिसरी कसोटी बहुतेकजण विसरतात. "महापालिकेने करावं" असं म्हणून काही होत नाही. महापालिकेत खातं असतं, खात्यात अभियंता असतो, त्याला एक टेबल असतं. त्या टेबलाचं नाव सापडेपर्यंत मोर्चा काढू नये.

आमच्या दिव्याचं असं झालं होतं की दोन खात्यांच्या याद्यांमध्ये तो खांब एकमेकांच्या नावावर होता. दोघेही आपापल्या परीने बरोबर होते आणि दिवा मात्र लागत नव्हता. हे आम्हाला कळलं ते कागद बघून.

कागद

निवेदन एका पानाचं, एकाच विषयाचं. वर तारीख, खाली सह्या, सहीसमोर घर क्रमांक. दोन प्रती न्या, एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. पोच नसलेलं निवेदन दिलेलंच नसतं, हे आमच्या पोरीबाळींनाही पाठ आहे. पोच मिळाली की तिची झेरॉक्स त्या गल्लीतल्या बाईकडे, मूळ प्रत फायलीत.

उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार, २००५ चा कायदा. जोडपत्र अ चा अर्ज, त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तेही लागत नाही. तीस दिवसांत माहिती द्यावी लागते, नाही दिली तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. अर्जात "दिवा का लावला नाही" असं विचारू नका. का या शब्दाला कागद नसतो. "अमुक खांबाच्या देखभालीची नोंद, कार्यादेश आणि तक्रार नोंदवहीची प्रत द्यावी" असं मागा. पुण्याची एक चांगली रीत आहे: महापालिकेच्या कार्यालयांत सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना फायली बघता येतात. आमच्या बायकांना ही वेळ सोयीची, चारचं काम एक दिवस मागेपुढे करून दोघी जातात. एक वाचते, एक लिहून घेते. पहिल्या वेळी हात थरथरतात. तिसऱ्या वेळी त्याच बायका शिपायाला सांगतात, "दादा, ही नाही, मागच्या वर्षीची फाईल."

लहान कामांसाठी आणखी एक दार आहे. पुणे महापालिका २००६-०७ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना मागवते. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज मिळतो, साधारण पावसाळ्याच्या शेवटी. फरशी, दिवे, बाक, गटारावरची झाकणं अशी कामं त्यात बसतात. मुदत लक्षात ठेवणं हे एका बाईचं काम करून टाका, वर्षभर तिचं तेवढंच काम असलं तरी.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे बराच काळ नगरसेवकच नव्हते. ज्या वस्त्यांमध्ये प्रत्येक काम "भाऊंना सांगू" असं चालायचं, तिथे सगळं ठप्प झालं. आमच्याकडे मात्र त्याच काळात सर्वांत जास्त कामं झाली, कारण तोवर सतरा-अठरा बायकांना आवक क्रमांक म्हणजे काय हे कळलेलं होतं.

दुसरीला बोलायला लावणं

सॅन अँटोनियोच्या त्या लोकांचा एक नियम आहे, त्याला ते लोखंडी नियम म्हणतात. माणूस स्वतःहून जे करू शकतो ते त्याच्यासाठी तुम्ही करायचं नाही. ऐकायला कठोर वाटतो. मला तर दुष्टपणाच वाटला होता, कारण बाई दारात अर्ज घेऊन आली तर लिहून देण्यात वाईट काय? पण मी लिहून दिलेल्या अर्जांच्या बायका पुढच्या वेळी पुन्हा माझ्याच दारात यायच्या. शेजारी बसून त्यांच्याकडून लिहून घेतलेल्या बायका पुढच्या वेळी शेजारणीला घेऊन कार्यालयात जायच्या.

दिव्यासाठी अधिकाऱ्यांना भेटायचं ठरलं तेव्हा बोलायला आम्ही निवडलं एका वहिनींना, ज्या आजवर नवऱ्यासमोरसुद्धा मोठ्याने बोलल्या नव्हत्या. चार संध्याकाळी तालीम केली. माझ्या खोलीत पाट मांडून त्यावर मी अधिकारी होऊन बसले. त्यांना मधेच तोडायचे, घड्याळ बघायचे, म्हणायचे, "हे आमच्याकडे येत नाही, दुसऱ्या खात्यात जा." त्या रडवेल्या व्हायच्या, पुन्हा उभ्या राहायच्या. तीन वाक्यं ठरली होती: काय त्रास आहे, कागद काय सांगतो, आम्हाला कोणत्या तारखेपर्यंत काय हवं. प्रत्यक्षात अधिकाऱ्यांनी अगदी तेच म्हटलं, हे आमच्याकडे येत नाही. वहिनींनी पिशवीतून यादीची प्रत काढली, बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "साहेब, हा खांब. ही तुमची यादी. तारीख सांगा." आम्ही बाकीच्या अकरा जणी मागे उभ्या होतो आणि कोणी एक शब्द बोललो नाही. बारा दिवसांनी दिवा लागला. त्या रात्री पोरी उगाचच दोन-दोनदा शौचालयाकडे जाऊन आल्या, नुसत्या उजेडासाठी.

भेटीनंतर लगेच घरी पळायचं नाही. कार्यालयाबाहेर झाडाखाली दहा मिनिटं उभं राहायचं: काय जमलं, कुठे अडखळलो, पुढच्या वेळी कोण बोलणार? माझ्या मते या दहा मिनिटांत बाई जितकं शिकते तितकं दोन दिवसांच्या शिबिरात शिकत नाही.

पैसे, नोंदणी, पक्ष

वर्गणी घ्याच. आमची महिना वीस रुपये आहे. "गरिबांकडून काय घ्यायचं" असं म्हणणारे लोक मनाने चांगले असतात, पण त्यांचं ऐकू नका. डोलोरेस वेर्ता या बाई कॅलिफोर्नियाच्या स्टॉकटन गावात फ्रेड रॉसच्या घरबैठकांच्या संघटनेतून तयार झाल्या. पुढे १९६२ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर शेतमजुरांची संघटना काढली तेव्हा तिची वर्गणी महिना साडेतीन डॉलर होती, आणि ती देणारे लोक द्राक्षमळ्यांत मजुरी करणारे होते. वीस रुपये देणारी बाई हिशेब विचारते, आणि हिशेब विचारणारी बाई आपली झालेली असते. पावती लगेच द्या, दर तीन महिन्यांनी जमाखर्च गल्लीत वाचून दाखवा, रोख रक्कम दोघींच्या माहितीत ठेवा.

नोंदणीची घाई नको. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली सात माणसं लागतात आणि सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडेही नोंद होते. पण त्यानंतर दरवर्षी लेखापरीक्षण, आणि कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत बदल अहवाल. हे न केल्यामुळे कागदावर अजून मेलेली माणसं विश्वस्त असलेल्या संस्था मी पाहिल्या आहेत. आम्ही दीड वर्ष नुसत्या वहीवर आणि ठरावांवर चाललो, मग नोंदणी केली.

पक्षाचा झेंडा बैठकीत येऊ देऊ नका, आणि पक्षाशी वैरही धरू नका. कॉप्सने कधी कोणत्या उमेदवाराला पाठिंबा दिला नाही. ते सगळ्या उमेदवारांना भरसभेत बोलावतात आणि ठरलेले प्रश्न विचारतात: हे काम करणार का, हो की नाही? भाषणाला वेळ देत नाहीत. आम्हीही तसंच करतो, उत्तरं मोठ्या कागदावर सगळ्यांसमोर लिहितो आणि तो कागद जपून ठेवतो. त्याआधी मतदार यादीचं काम. त्याच सॅन अँटोनियोत १९७४ मध्येच विली वेलास्केझ यांनी मतदार नोंदणीसाठी वेगळी संस्था काढली, आणि "तुमचं मत हाच तुमचा आवाज" ही त्यांची स्पॅनिश घोषणा गाजली. इथे अठरा पूर्ण झालेल्यांसाठी नमुना ६, पत्ता बदललेल्यांसाठी नमुना ८. लग्न होऊन आलेल्या सुनांची नावं माहेरीच राहिलेली असतात, तिथून सुरुवात करा.

दुसऱ्या वस्तीत जाताना

शेजारच्या वस्तीने बोलावलं की आमच्याकडच्या बायकांना वाटतं, आपली शाखा काढू. आम्ही शाखा काढत नाही. पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांनी १९९३ मध्ये स्वतःची पंचायत उभी केली आणि २००८ मध्ये तिच्यातून घरोघरचा कचरा गोळा करणारी स्वच्छ ही सहकारी संस्था निघाली. ती टिकली, कारण त्या कामाचा हिशेब वेचणाऱ्या बायकांच्या हातात होता. तिकडे अमेरिकेत १९६८ मध्ये नैऋत्येकडच्या राज्यांपुरती सुरू झालेली मेक्सिकन वंशाच्या लोकांची ला रासा परिषद १९७२ मध्ये राष्ट्रीय झाली आणि २०१७ मध्ये तिने युनिडोसयूएस हे नाव घेतलं. तीही गावोगावच्या स्वतंत्र संस्थांना जोडूनच वाढली. म्हणून आम्ही दुसऱ्या वस्तीला फक्त दोन बायका देतो, तीन महिन्यांसाठी. त्या तिथे बोलत नाहीत, पहिल्या तीन घरबैठका कशा लावायच्या तेवढं दाखवतात. नाव, वर्गणी, पहिलं काम हे सगळं त्या वस्तीने ठरवायचं. ओढ्याच्या वरच्या अंगाला राहणाऱ्यांशी आमचं नातं असंच जुळलं. पाणी तिकडून येतं. त्यांनी वर राडारोडा टाकू दिला नाही तर आमच्याकडे खाली पाणी तुंबत नाही, आणि हे त्यांना कोणत्याही नोटिशीपेक्षा आमच्या बायकांनी पुराच्या रात्रीची गोष्ट सांगितल्यावर जास्त कळलं.

अध्यक्षपद आमच्याकडे दोन वर्षांचं. माझं २०२३ मध्ये संपलं. सोडताना वाईट वाटलं, हे लपवत नाही. ज्या दिवशी सोडलं त्या दिवसापासून बैठकीत मी शेवटच्या रांगेत बसते आणि विचारल्याशिवाय बोलत नाही. पहिले सहा महिने जीभ चावून बसावं लागलं. नव्या अध्यक्षांनी भिंतीच्या कामाची फाईल माझ्यापेक्षा वेगळ्या वाटेने पुढे नेली, आणि ती माझ्या वेळेपेक्षा दोन टेबलं पुढे गेली आहे.

परवा कन्नड गल्लीत बैठक होती. त्या मावशींची सून बोलत होती, अर्धं कन्नड, अर्धं मराठी. मी दाराशी बसून इतिवृत्त लिहीत होते, ते काम आता माझ्याकडे आहे. शेवटी तिने विचारलं, पुढची कोणाकडे? आणि ती गप्प बसली. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता. मग पोटमाळ्यावरच्या बिहारच्या मुलाची बायको, जिला पुण्यात येऊन पाच महिने झालेत, हात वर करून म्हणाली, माझी खोली लहान आहे, चालेल का? येत्या गुरुवारी रात्री साडेआठ. शिडीवरून चढायचं आहे, म्हणून म्हाताऱ्या मावश्यांना हात धरून न्यायला दोघी ठरल्या आहेत, आणि सतरंजी माझ्याकडून जाणार आहे.